ठिगळ

नॉर्वेहून आलेल्या जाळ्यांना अजून खाऱ्या मासळीचा वास आहे.
एका गठ्ठ्याला कुणा खलाशानं निळी चिंधी बांधलेली,
त्याची खूण असावी.
आम्ही गठ्ठे उतरवतो, पीळ काढतो
आणि खारकिवच्या पूर्वेकडच्या डांबरी रस्त्यावर
खांबापासून खांबापर्यंत ताणून बांधतो,
आभाळ आणि मोटारी यांच्या मध्ये.

तीस वर्षं ओस्किल नदीत जाळं टाकलं मी, झिनोवीनं.
आत आला तो मेला, हा एकच कायदा ठाऊक.
आता आत राहील तो वाचेल म्हणतात.
पावाची गाडी, रुग्णवाहिका, टपालवाली बाई
खालून सरसर जातात
आणि वर टिटवीएवढं यंत्र
भोक शोधत घिरट्या घालतं.

गाठी मारायला जोडीला युखिम असतो, निवृत्त कर्नल.
सैनिकी शाळेत रणगाड्यांचं शास्त्र शिकवायचा.
फळ्यावर लाल बाण काढायचा,
इतका दाबून की खडू मोडायचा:
इथून घुसायचं, इथं वेढायचं, तिसऱ्या दिवशी नदी.
त्याचे विद्यार्थी आता रणगाड्यावर
कोंबड्यांच्या खुराड्यासारखा पिंजरा चढवतात
आणि झाडीत दडवून ठेवतात, चोरीच्या मालासारखा.
आघाडी म्हणजे रेघ, असं शिकवलं मी, युखिम म्हणतो.
रेघ कुठाय?
वीस किलोमीटरचा पट्टा. त्यात दिसला तो संपला.
दोन माणसं, एक पिशवी, पायी.
एवढंच सैन्य पुढं सरकतं.
धुकं पडलं की आमच्याकडे सण.

ओरिस्या, माझी धाकटी, केक सजवायची.
साखरेचे गुलाब, हात जराही न कापता.
म्हणून तर तिला घेतलं.
कुठल्याशा तळघरात ती चष्मा चढवून बसते
आणि दहा कोसांवरचं शेत तिच्या डोळ्यांत येतं.
सुटीवर आली तेव्हा समोरचं सूप निवून गेलं.
म्हणाली, बाबा, तो वर बघतो.
शेवटी प्रत्येक जण वर बघतो,
आणि मला वाटतं, माझ्याकडेच.
मी पाव कापत राहिलो.
माझे वडील तोफखान्यात होते.
अख्ख्या युद्धात त्यांनी एकही चेहरा पाहिला नव्हता.
ती परत गेली याच रस्त्यानं.

लहरी अडवल्या, तर यंत्रं दोऱ्याला बांधून सोडू लागले.
काचेचा दोरा, दिसेल न दिसेल असा, मैलोन्‌मैल.
काम झालं की दोरा तिथंच पडतो.
सकाळी ऊन आलं
की सूर्यफुलांच्या वाळक्या ताटांवर रान चकाकतं,
जणू रात्रभर कोळी विणत बसले होते.
दिवसाचे कोळी आम्ही.
परवा वाऱ्यानं एक घरटं पडलं,
काडी थोडी, काचच जास्त.
युखिमनं ते टोपीत घालून घरी नेलं.
का, ते मी विचारलं नाही.

राजधानीतून तरुण अधिकारी आली, हातात टॅब्लेट.
किती महिने टिकेल हे?
गाठ टिकेल, मी म्हणालो, युक्तीचं सांगत नाही.
पलीकडे म्हणे आता पहिलं यंत्र जाळी पेटवतं,
दुसरं आत शिरतं.
तिनं काहीतरी टिपून घेतलं.
आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावणार,
असं म्हणायची रीत होती.
आम्ही लावतो. आज सत्ताविसाव्या किलोमीटरपाशी,
उद्या पुलाच्या अलीकडे.

निळ्या चिंधीचा गठ्ठा मात्र मी मागं ठेवलाय,
शेडमध्ये, ताडपत्रीखाली.
ओस्किलच्या तलावाला पाणी परत आलं तर.
आठ मीटर रस्ता झाकला असता त्यानं.
युखिमला ठाऊक आहे.
गाठ मारताना तो माझ्याकडे बघत नाही.