बंद हुकूम

दुपारी दोनची फेरी धोपाव्याकडे निघाली
की दाभोळच्या धक्क्यावर उरतो मी, माझं तिकिटांचं बुक,
आणि शेजारी कोळंबी सोलत बसलेली सकीना,
जिला पत्त्यांतलं काही कळत नाही, म्हणून बरं वाटतं.

मोबाइल उघडतो. आधी चाक फिरवायचं.
आज पन्नास नाणी, काल दोनशे,
सात दिवस सलग आलात तर पेटी.
सव्वा लाख नाणी झालीत माझ्याकडे.
सकीना म्हणते, मग एक कटिंग पाज की.

मुलगा म्हणतो, बाबा, त्या चाकावरच धरून ठेवतात तुम्हाला.
चिपळूणला असतो तो, त्याला सगळं माहीत असतं.
असेल.
गरीला आमिष लागतंच.
पण मासा काय आमिषासाठी पाण्यात असतो?

आमचा मेंढीकोट उलट्या होडीवर चालायचा.
लुमाजी पालशेतकर, हाताला कायम डिझेल,
त्याने पिसलेला कॅट आठवड्यात काळा पडायचा,
किलवर की इस्पिक, वासावरून ओळखा.
यासीन होडेकर पान टाकायचा नाही, आपटायचा.
आणि भार्गव पोस्टमास्तर, माझे भिडू,
माझी दश्शी चुकली की तीन दिवस
माझी पत्रं थैलीतच राहायची.

यासीन मस्कतला गेला. मास्तर लेकीकडे, डोंबिवलीत.
लुमाजीचं काय झालं ते इथे लिहीत नाही.
कॅट माझ्या खणात आहे, रबर लावून.
एक्कावन्न पानं. चौकट सत्ती वाऱ्याने खाडीत नेली,
तिच्या जागी लाँचचं जुनं तिकीट खेळायचं.

फोनमधलं पान उडत नाही.
कोपरा दुमडत नाही, त्याला वास नाही.
हातात किलवर असताना हुकूम मारायचा
आणि वर आईची शपथ घ्यायची,
ही यासीनची कला तिथे चालतच नाही,
चुकीचं पान यंत्र उचलूच देत नाही.
पहिला महिना बिनमिठाच्या पेजेसारखा गेला.

मग एका रात्री हा आला.
नावाच्या जागी नुसता आकडा, चित्र पोपटाचं.
मी बदाम राणी उतरलो. पुढच्याने चौका टाकला, पटकन.
पोपट थांबला.
त्याच्याभोवतीचं वर्तुळ झिजत गेलं,
हिरवं, पिवळं, तांबडं,
आणि अगदी काठावर
त्याने दश्शी राखून दुर्री टाकली.

यंत्राचे खेळाडू थांबत नाहीत.
त्यांना काय राखायचं असतं?

त्या थांबण्यासाठी जातो मी रोज. खरं सांगतो.
कुठल्या तरी खोलीत, नाहीतर बोटीच्या केबिनमध्ये
कुणीतरी ओठ चावत बसलंय
माझ्या उतारीचा अर्थ लावत.
माझ्या इतर कुठल्याच गोष्टीचा
इतका विचार हल्ली कुणी करत नाही.

परवा तीन मेंढ्या आमच्याकडे, चौथी लटकलेली,
आणि फेरीबोट लागली. दोन रिक्षा, चिऱ्यांचा ट्रक,
वऱ्हाडाचा टेम्पो, त्यात नवरदेवच राहिला मागे.
त्या गोंधळात नेट गेलं.
परतून बघतो तर उरलेले पाच हात
माझ्या जागी यंत्र खेळलं होतं.
मी जन्मात केली नसती अशी इस्पिकची उतारी करून
कोट चढवला होता त्याने.
खाली पोपटाचा अंगठा: वा भिडू!

मला, की त्याला?
सकीनाला विचारलं.
ती म्हणाली, कोळंबी साडेतीनशे, घ्यायची तर घे.

बंद हुकुमात पान उपडं ठेवतात,
अडल्याशिवाय उघडायचं नाही.
पोपटही तसाच राहू दे.
मास्तर असतील, तेही असेच थांबायचे.
नाहीतर रात्रपाळीची एखादी नर्स.
नाहीतर थांबायला शिकवलेलं यंत्र;
शिकवणारा तरी कधी कुणासमोर थांबला असेलच ना.

शेवटची फेरी रात्री लागली,
दोर बांधून झाला, हाताला काथ्याचा वास.
आज उतारी त्याची.
वर्तुळ अजून हिरवं आहे.