जाडी धरून

आचऱ्याच्या बर्फ कारखान्यावर, वरच्या खोलीत,
टेबलाचा एक पाय पुठ्ठ्याच्या घडीवर उभा
आणि मी तीन दिवस एकाच पानावर.
खाली लादी फोडतात तेव्हा
पडद्यावरचा बाण थोडा थरथरतो.

सोसायटीचे सेक्रेटरी इनास फर्नांडिस म्हणाले होते,
दोन रकाने कर. डावीकडे भरती-ओहोटीच्या वेळा,
उजवीकडे भाव: सुरमई, बांगडा, पेडवे, सौंदाळे.
आणि सगळं मधोमध हवं गो,
एका अंगाला कललेलं काही बघितलं
की मला वाटतं, पाणी शिरतंय.

मधोमध आणणं सोपं, असं मी धरून चालले होते.
मार्जिन: शून्य, ऑटो.
म्हणजे वर-खाली काही मागू नका,
डाव्या-उजव्या बाजूला उरेल ते सारखं वाटून घ्या.
भावाभावांत एवढ्या मुकाट्याने वाटणी
मी तरी आमच्या गावात पाहिली नाही.
पान हललं नाही.
दुपारी लक्षात आलं, मी त्याला रुंदीच दिली नव्हती.
ते काठापासून काठापर्यंत पाय पसरून बसलेलं.
उरलंच नाही, तर वाटणार काय?

खिडकीतून समुद्र दिसतो. त्याचा मध्य कुणी विचारत नाही.
खाडीचा विचारतात,
कारण पलीकडचा माड इथून दिसतो.

मग रुंदी दिली: नऊशे साठ.
आत डावा रकाना दोनशे साठ, उजवा सातशे.
बेरीज चोख.
दोघांना फ्लोट केलं, तरंगत राहतील शेजारी शेजारी.
राहिलेही, चहा पिऊन होईपर्यंत.
पण अक्षरं कडेला चिकटत होती,
म्हणून दोघांना आतून वीस-वीसचं पॅडिंग दिलं
आणि उजवा रकाना
काही न बोलता खाली उतरून बसला,
सुरमईचा भाव ओहोटीच्या पायाशी.

मी वीसचे अठरा केले. पंधरा केले.
रात्री घरी जेवताना ताटातली भाजी
भाताच्या खाली सरकवून बघितली.

शेडमध्ये आबू मेस्त एका होडीची फळी बदलत होते.
तिसऱ्या दिवशी चहाला वर आले
आणि पडद्यासमोर उभेच राहिले.
वाचता येतं त्यांना, पण ते आधी मोजतात.
मी आकडे सांगितले.
कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली.
"आतसून मोजलंस काय भायरसून?"
"आतून."
"मगे फळयेची जाडी खय जातली?"

एवढंच. बिस्किट बुडवलं, अर्धं कपात पडलं,
त्यावरून स्वतःलाच एक शिवी घातली आणि खाली गेले.
रंध्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मी एक ओळ लिहिली.
बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स.
यापुढे रुंदी सांगेन ती जाडी धरून.
उजवा रकाना वर आला,
कुठे गेलाच नव्हता अशा चेहऱ्याने.

इनासबाबांनी ऑफिसातल्या संगणकावर
खरोखर फूटपट्टी लावली. डावीकडून, मग उजवीकडून.
"चार सूत हिकडे जास्त आहे," म्हणाले.
तो पडदाच वाकडा बसवलेला होता.

पण जेटीवर कुणाकडे आहे संगणक?
तिथे फोन, चार बोटं रुंद,
खवल्यांनी माखलेला.
त्यासाठी मी वेगळा नियम लिहिला होता,
सहाशेच्या आत आलात तर तरंगणं बंद,
एकाखाली एक उतरा.
तीन दिवस जे चूक म्हणून झटकत होते
तेच शेवटी हाताने लिहिलं.

दाजी कोयंड्यांनी ओल्या अंगठ्याने पान वर ढकललं.
"पयली भरती, मगे भाव.
हां. असांच व्हया."

टेबल अजून डुगडुगतं.
आबूंना सांगायला हवं,
पण ते विचारतील, पाय आखूड आहे
की जमीन?