साडेदहा मिलिमीटर

कोठीजवळच्या रसाच्या गाडीवरून अब्बासभाई
डाळिंबाची सालं गोणीत भरून देतात.
"लई जाओ बेन. रस लोकांना, कचरा तुम्हाला."

दांडिया बाजारातल्या गच्चीवर
सालं आठ दिवस वाळतात, पापडांच्या शेजारी.
सासूबाई विचारतात, कशाला एवढी?
औषधाला, मी म्हणते.
"ते तर आम्हीही द्यायचो, हगवणीवर, ताकातून.
मग तुझी पीएच.डी. कशावर?"

वस्त्रगाळ पूड, मग मिथेनॉल,
मग गाळणकागदातून रात्रभर
विटक्या तांबूस रंगाचा थेंब, थेंब.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये
एका बोटभर नळीवर माझंच अक्षर: वॉ. ७, खा. १४.
खाट चौदा म्हणजे हरिवदन पंचाल.
पायावर पटाशी निसटली, एवढंच.
पहिलं औषध लागू पडलं नाही. दुसरं नाही.
तिसऱ्यासाठी मुलानं स्कूटर विकली.
मार्चमध्ये गेले.
त्यांच्या जखमेतलं हे सोनेरी बियाणं मात्र
मी अजून राखते,
थोडं काढून पुन्हा पेरते,
विरजण मोडू नये म्हणून बाया जपतात तसं.

आज सकाळी ताटली बाहेर काढली.
दुधावर साय धरावी तशी वाढ,
जुन्या औषधाच्या चकतीला खेटून,
स्कूटरच्या किमतीच्या चकतीलाही खेटून.
नुसत्या मिथेनॉलभोवतीही तशीच.
आणि डाळिंबाभोवती
एक रिकामं, नितळ कडं.
मोजपट्टी लावली. अकरा.
पुन्हा लावली.
साडेदहा, खरं तर.
वहीत साडेदहा लिहिलं.

ताटली म्हणजे पाय नव्हे, कळतं मला.
रक्तात हा अर्क टिकेल का, यकृत काय म्हणेल,
आणि तोवर खाट चौदावरचं बियाणं
डाळिंबही पचवायला शिकेल का,
माहीत नाही.
जिंकलेली असो की हरलेली,
ताटली संध्याकाळी वाफेत उकडायची असते. उकडली.

मागच्या आठवड्यात पंचालांचा मुलगा आला होता,
विभागाच्या कपाटाचं दार घासत होतं म्हणून.
फ्रीजरला टेकून त्यानं चहा घेतला.
यात काय असतं, म्हणाला, इतकं घरघरतंय?
नमुने, मी म्हटलं.
त्यानं मान डोलावली,
कप नळाखाली धुऊन उपडा ठेवला,
आणि भुसा स्वतःच झाडून नेला.