बाराव्या भागात कोणी रडू नये

माझं म्हणणं एवढंच आहे, हात्सुए,
की बाराव्या भागात कोणी रडू नये.
अकरा भाग ज्या चार पोरी
स्टेशनातल्या हरवलं-सापडलंच्या खिडकीत बसून
छत्र्यांना नावं ठेवत होत्या,
आणि छत्र्या संपल्यावर माणसांना,
त्यांच्यातल्या एकीची एकदम टोकियोला बदली!
फलाटावर पियानो.
वाऱ्यावर पाकळ्या, नको तितक्या.
अगं, यासाठी का जागलो आपण रात्री दीडपर्यंत?

सातवा भाग आठव.
वीस मिनिटं एक अडकलेली छत्री उघडत नाही.
संपली गोष्ट.
शेवटी उघडते ती स्टेशनमास्तरच्या नाकासमोर
आणि आतून पडतो कुणाचा तरी
अर्धा खाल्लेला मेलनपाव.
याला मी कला म्हणते.

तू म्हणतेस, काहीच घडत नाही त्यात.
घडायला काय, कुशिरोत रोजच घडतं:
धुकं येतं, सानमा मासळी येते किंवा येत नाही,
पट्ट्यावरून डबे जातात,
मी झाकणं बघते, तू वजन.
घडणं मला दिवसा पुरतं.

नाकातून रक्ताची चिळकांडी हा शिळा विनोद, फेकून द्यावा.
समुद्रकिनाऱ्याचा भाग आला की ओळखावं,
लेखकाला सुट्टी हवी होती.
बोलणारं मांजर चालेल, शहाणं नको.
आणि येड्याचं कौतुक सगळेच करतात,
पण राबतो तो त्याच्या शेजारचा,
टपली मारून "असं कुठं असतं का!" म्हणणारा.
त्याची टपली पापणीभर उशिरा पडू दे,
बघ, सगळा भाग बसला.

तो कावळा मात्र मला हवाच.
विनोद फसला की रिकाम्या आभाळातून
उजवीकडून डावीकडे जाणारा,
"आहो, आहो" ओरडत,
म्हणजे मूर्ख, मूर्ख.
तेत्सुरो त्याला घरातून उत्तर द्यायचा.

तो गेला त्या हिवाळ्यात मी ती भुताची मालिका पाहिली.
कुणालाच घाबरवता येत नाही म्हणून
इमारतीचा चिटणीस झालेलं भूत,
पाणीपट्टीच्या पावत्या फाडणारं.
हसले नाही मी. एकदाही नाही.
पण दर मंगळवारी लावली,
आणि त्यात शेवटपर्यंत कोणी रडलं नाही.
हे उपकार मी विसरणार नाही.
दुसऱ्या पर्वात त्याला आई दिली त्यांनी, आजारी.
मी बंद केली.

आता गुरुवारचं.
बर्फाच्या पेट्या, ओली फरशी, मुरोई साहेब.
दोन्ही पाय वर, टोपी हवेत तशीच,
जशी ती राहते,
मग धप्प.
कोणी हसेना. पट्टासुद्धा थांबला.
एक.
दोन.
तीन,
आणि छपरावरून एक समुद्रपक्षी ओरडत गेला,
उजवीकडून डावीकडे. शप्पथ.

मी ओठ चावून झाकणं मोजत राहिले.
हसलीस तू, हात्सुए, तू!
जी शनिवारी रुमाल घेऊन बसतेस
युद्धावरून न परतणाऱ्यांच्या गोष्टी बघायला.
काट्यावर रेलून हसलीस,
आकडा वर-खाली, वर-खाली.
मुरोई साहेब उठले, टोपी झटकली,
काट्याकडे पाहिलं,
"ओनोदेरा बाई, किती भरलं?"

साठीचा माणूस, कंबर धरलेली,
आणि वेळ अशी अचूक!
त्यांना मी इतकी वर्षं वाया घालवलं
हजेरी घेणारा म्हणून.

बरं, आज दीडला ये.
नवी सुरू होतेय, एका टोलनाक्याची,
जिथे गाडीच येत नाही.
पहिल्या भागावर मत देऊ नये,
पहिला सगळ्यांचाच बरा असतो.
रुमाल आण हवा तर.
माझ्याकडे चहा सांडतोच.