नऊ-शून्य

सक्करदरा चौकात, पंक्चरवाल्याच्या बाजूला
माझी टपरी : बॅगांच्या चेन, चपलांचे अंगठे, हेल्मेटचे पट्टे.
पाच वर्षांआधी एक पोरगं आलं
चामड्याचा फाटका पंजा घेऊन.
म्हटलं, हे काय बे, अस्वलाचा हात?
म्हणे, काका, बेसबॉल.
म्हटलं, म्हणजे क्रिकेटच ना.
त्यानं नुसती मान हलवली,
आजवर सगळ्यांपुढे हलवली असेल तशी.

शिवणाचे तीस झाले. त्याच्याकडे वीस.
उरलेल्या दहाच्या बदल्यात मॅच पाहायला बोलावलं.
ते दहा रुपये अजून फिटायचे आहेत.

सुभेदार ले-आउट बेसबॉल क्लब.
त्या दिवशी सतरा-एकनं हरले.
मग बारा-शून्य. मग नऊ-तीन :
त्या रात्री मी सावजीत जाऊन
एकट्यानं जेवलो, पोटभर.

अख्ख्या नागपुरात आमचे चाहते दोन.
एक मी. दुसरा निमजेचा आजा,
त्याला दिसत नाही.

मला आता सगळं कळतं.
चार चेंडू बाहेर पडले की समोरच्याला बेस फुकट,
आणि आमचा उके तो कुणालाही देतो,
दिलदार माणूस.
झेल सुटला की निमजे आधी वर बघतो,
जसा काही आभाळानंच चेंडू उशिरा टाकला.
शॉर्टस्टॉपला वसीम. तो चांगला आहे,
म्हणून त्याच्याकडे चेंडू येतच नाही.

चेंडू उसवला की माझ्याकडे.
एकशे आठ दुहेरी टाके, मी मोजलेत.
ॲम्ब्युलन्सचा नंबर.
पोरं म्हणतात, काका, बरोबरच हाय ना मग.

मे महिन्यात डोक्याला दुपट्टा,
लू लागू नये म्हणून खिशात कांदा.
बायको आता विचारत नाही, जिंकले का?
डबा उघडून बघते.
भाजी तशीच परत आली असली
की समजते, आज थोडक्यात गेले.

मागच्या महिन्यात वर्ध्याची टीम येणार होती.
बुटीबोरीजवळ त्यांची गाडी बसली.
पंचानं पाऊण तास घड्याळ पाहिलं
आणि कागदावर लिहिलं : सुभेदार विजयी, नऊ-शून्य.
न खेळता जिंकलं की नऊच देतात.
आमच्या बाजूला नऊचा आकडा
मी पहिल्यांदाच पाहिला. वळणदार असतो.

कुणी ओरडलं नाही.
धाबर्डे मॅडम म्हणाल्या, चला, लाइन.
मॅच संपली की दोन्ही टीम समोरासमोर येतात, हात मिळवतात.
जिंकणाऱ्यांशी हात मिळवणं
आमच्या पोरांना फार छान जमतं, सवय आहे.
ती रांगेत उभी राहिली.
समोर वाळलं गवत, एक कुत्रं.
उके हात पुढे करून थांबला.

मला काय झालं कोण जाणे.
दोरी ओलांडून गेलो, खिशात कांदा,
आणि समोरची टीम झालो.
एकेकाचा हात घेतला. निमजेचा ओला.
वसीमचा गरम.
उकेचा तळवा चेंडूसारखाच उसवलेला,
मी तो धरून बघत राहिलो
किती टाके लागतील.
तो म्हणाला, काका, ते दहा रुपये...
म्हटलं, राहू दे बे.

पुढच्याच रविवारी चौदा-दोन.
दोन, बरं का.