रिकामं वजन

फुरसुंगीच्या धर्मकाट्यावर
परवा कॉम्प्युटर जळला. नवा आणला, चौसष्ट बिटांचा.
प्रोग्रॅम तोच, जावातला.
डेटाबेस म्हणजे नुसती एक फाइल,
तेरा वर्षांची वजनं पोटात घेऊन बसलेली.
सर्व्हर नाही, पासवर्ड नाही,
वाजवायला दारच नाही.
तरी उघडेना.

पडद्यावर तांबडी ओळ: अनसॅटिस्फाइड लिंक.
बापू हरपळे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
मराठीत सांगा.
मी म्हटलं, असमाधानी दुवा.
दुवा कशी असमाधानी असेल, ते म्हणाले,
देणाराच कुरकुरत असेल.

मी समजावत राहिलो:
जावाला सी येत नाही, डेटाबेस बोलतो सीमध्ये,
मधे एक ड्रायव्हर लागतो.
बापूंनी खिडकीबाहेर पाहिलं.
सासवडकडून कांदा घेऊन आलेल्या सात गाड्या,
सात जण टायरला टेकून तंबाखू मळत.
यातला कुठला पाहिजे?

लायब्ररी जागेवर होती.
नाव बरोबर, पाथ बरोबर,
पण बत्तीस बिटांची;
शेर-पायलीच्या हिशेबाने
कुणी किलोची पावती मागावी तशी.
शेजारी 'वाचा' नावाची फाइल, चार ओळींची:
मशीन बदललं तर हे पुन्हा कंपाइल करा.
जुनं चालणार नाही.
चूक तुमची नाही. माझीही नाही.
नी. गद्रे.

गद्रेबाई, बापू म्हणाले,
सदाशिव पेठेतून स्कूटीवर यायच्या,
तेही हेल्मेट घालून. इथली पोरं बघायला जमायची.
चहा बिनसाखरेचा. मुंग्यांवर राग,
कीबोर्डात शिरतात म्हणून.
आणि आता?
नंबर आहे, लागत नाही.

मी तिचा सी कोड उघडला.
फंक्शनची नावं लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी लांब,
पॅकेज, क्लास, मेथड,
अंडरस्कोरने एकमेकांचे हात धरून उभी.
एक अक्षर चुकलं तर जावा ओळख दाखवत नाही.
चुकलं नव्हतं.
जिथे मेमरी घेतली, तिथेच खाली परत केलेली,
उसनी वाटी धुऊन द्यावी तशी.
मी असं लिहीत नाही. मला घाई असते.

कंपाइल केलं. तीन वॉर्निंगा, एरर नाही.
नवी लायब्ररी जुन्या जागी ठेवली
आणि प्रोग्रॅम सुरू केला.
बाहेर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.

उघडलं.
खात्री म्हणून मी अगदी पहिली नोंद मागवली.
चौदा मार्च दोन हजार अकरा, संध्याकाळचे सहा दहा.
वाहन क्रमांक: पायी.
माल: काही नाही.
ड्रायव्हर: नीलिमा गद्रे.
भरलेलं वजन: साठ किलो.
(हा काटा दहाच्या खाली मोजत नाही.
बाई छप्पन्नच्या असतील, बासष्टच्याही.)
रिकामं वजन: शून्य.

पण जावा हे असंच करते.
रकाना कोरा असला तरी शून्य दाखवते,
मग वेगळं विचारावं लागतं:
आत्ता वाचलंस, तिथे खरंच काही होतं का?
मी विचारलं.
नव्हतं.

शून्य म्हणजे कुणीतरी मोजलं.
हे म्हणजे गाडी भरून काट्यावर आली,
उतरवायला गेली,
आणि दुसऱ्या वजनाला परतलीच नाही.
अशी पावती आमच्याकडे पूर्ण धरत नाहीत.
प्रोग्रॅम विचारत होता, अपूर्ण नोंद, खोडायची?
बापू वाकून बघत होते.
असू द्या, म्हणाले,
आणि खिडकीतून हात काढून
पहिल्या कांद्याच्या गाडीला
वर घ्या म्हणाले, वर.