सात किलो

सौदे सुरू व्हायच्या आधी
सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या काट्यावर आम्ही बॅग ठेवली.
सात किलो नऊशे.
"सिस्टर, कडता धरायचा का?" हमालानं विचारलं.
त्याची आई आमच्याच वॉर्डात होती कधीतरी.
विमानवाले कडता धरत नाहीत.
मग शुलमिथनं स्वेटर काढला आणि अंगात घातला,
एप्रिलात, सांगलीत.
मी भडंगाचं दुसरं पाकीट हमालाच्या हातात दिलं.
सहा किलो नऊशेऐंशी.
बॅगेच्या बुडाला पिवळा डाग पडला,
तो तसाच राहू दिला.

तिकीट रात्री अडीचला काढलेलं,
भाच्याच्या फोनवर, भाव उतरल्या उतरल्या.
जेवण नाही, खिडकी हवी तर वेगळे पैसे.
"खिडकी नको," शुलमिथ म्हणाली,
"छत्तीस वर्षं रात्रपाळीत दुसरं काय बघितलं?"
पैसे भिशीचे. अकरा नर्सांची भिशी,
तिचा नंबर फेब्रुवारीत लागला, माझा मार्चमध्ये.
मिरजेत सगळ्यांनी विचारलं, काशी का?
म्हटलं, कझाकस्तान.
तिथं कोण आहे तुमचं?
कोणी नाही. म्हणून तर.

मिरज ते निजामुद्दीन, स्लीपर,
दीड दिवस आणि वर उशीर.
मग चार तास विमान.
मग पुन्हा गाडी, दोन रात्री.
विमान म्हणजे काय,
या फलाटावरून त्या फलाटावर जायचा जिना.

तिकडं बाईनं चादरी मोजून दिल्या,
मोजून परत घेणार, असं बोटांनी सांगितलं.
"मेट्रनच की गं!" शुलमिथ खूष.
डब्याच्या टोकाला चक्क बंब,
रात्रंदिवस उकळतं पाणी, फुकट.
बाहेर माळ.
जतच्या पुढं असतो तसा,
पण याला कोणी थांब म्हणालंच नव्हतं.
तासाभरानं एक घोडा दिसला.
मग बराच वेळ आम्ही घोड्यावरच बोललो.

समोरच्या बाकावरची म्हातारी.
छातीवर हात ठेवून म्हणाली, रायखान.
मला तिच्या तोंडाआधी तिचे पाय दिसले होते.
घोट्याजवळ अंगठ्यानं दाबलं,
खड्डा पडला,
सावकाश भरत आला.
मनगट हातात घेतलं.
चार ठोके, एक गाळलेला,
सहा ठोके, पुन्हा एक.
शुलमिथनं दुसरं मनगट धरलं.
रुळांचा ठेका मध्ये मध्ये येत होता,
म्हणून मी ओठांत मोजायला लागले,
आणि तीही, आमच्या मागून,
बिर, एकी, उश, तोर्त.
त्यांच्यात दोनाला एकी म्हणतात.

मीठ कमी, असं खुणेनं सांगितलं,
चिमूट दाखवून, मान हलवून.
तिनं हसून पिशवीतून खारट दह्याचे
दगडासारखे गोळे काढले, आमच्या तळव्यांवर ठेवले.
आणि मग, काय सांगू,
आम्हीच भडंग पुढं केलं.
लसूण बाजूला सारून
तिनं शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं.

पहाटे तिचं स्टेशन आलं.
नाव वाचता आलं नाही.
एक तरुण पोरगा तिची गाठोडी उतरवत होता,
त्याला मी घोटे दाखवले, छाती दाखवली,
म्हटलं, डॉक्टर. डॉक्टर.
एवढा एक शब्द दोन्हीकडं सारखा निघाला.
त्याला किती कळलं कुणास ठाऊक.
कागद नाही, केसपेपर नाही,
उद्याच्या पाळीला कोणाला सांगून जायचं?

म्हातारी फलाटावर उभी होती,
दोन बोटं स्वतःच्या मनगटावर,
मी धरली होती अगदी तशी,
ओठ हलत होते.
गाडी निघाली तेव्हा ती कितीवर पोचली होती
काचेतून ऐकू आलं नाही.

शुलमिथनं नाक शिंकरलं,
स्वेटर काढून उशाला घेतला.
उतरायच्या तासभर आधी बाई आली,
आमच्या चादरींवर बोट ठेवत म्हणाली,
बिर.
एकी.